राजगड–तोरणा–रायगड: आराखडा करताना

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

राजगड–तोरणा–रायगड ट्रेकचा तुझा आराखडा वाचला. अंतरं नीट काढली आहेस. पण सह्याद्रीत आधी दगड बघावा, मग पाणी, आणि किलोमीटर त्यानंतर.

हा सगळा डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचा. टणक थराचा कडा झाला, मऊ थर झिजून पदर, म्हणजे दोन कड्यांमधला सपाटसा टप्पा, झाला. उतरताना पायाखालचा पदर दिसतो, त्याच्याखालचा कडा दिसत नाही. वाट चुकलेली माणसं अडकतात ती इथेच. ओढ्याच्या कडेनं गेलं की गाव लागेल, असं सगळ्यांनाच वाटतं. इथला ओढा धबधब्याच्या टोकावर नेऊन सोडतो. म्हणून वाट सुटली अशी शंका आली की कितीही दमलेले असा, शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत चढायचं. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा जवळ ठेव, पण त्यात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या फरकानं असतात. १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा मळलेल्या वाटेसारख्याच दिसतात आणि गवतात विरून जातात, त्यामुळे तिसऱ्या मुक्कामाच्या मोहरी गावापुढे वाटाड्या घ्यायचाच.

पाण्याचं गणितही दगडाचंच. पाणी भेगाळ कातळातून झिरपतं, खालच्या घट्ट थरावर किंवा दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यावर अडतं आणि तिथून झरा फुटतो. पावसाळ्यानंतर हा साठा रोज घटत जातो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत ट्रेक उरकायचा तो यासाठी. फेब्रुवारीनंतर कातळात कोरलेल्या टाक्यांवर विसंबू नकोस. टाक्याचं पाणी फडक्यातून गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्यायचं. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचं.

आता दिवस. पहिला सोपा आहे: स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी, मार्गासनीला उतरून गुंजवणे, चोर दरवाज्यानं पद्मावती माची. गडावर मुक्काम करू देतात का, हे आधी पायथ्याच्या गावात विचारून घे. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून उतरून डोंगराच्या धारेनं तोरण्याची बुधला माची. पाठीवर ओझं असताना सात-आठ तास धर. या धारेवर भरवशाचं पाणी नाही, सावलीही थोडी. प्रत्येकाकडे निघतानाच चार लिटर हवं. वाटेत वेल्हे–भुतोंडे रस्ता आडवा येतो. कुणाचा गुडघा किंवा पोट बिघडलं असेल तर त्याला तिथूनच वेल्ह्याला पाठव, सोबत एक जण देऊन. पुढे असं सहज बाहेर पडता येत नाही.

तिसरा दिवस सर्वांत लांब: तोरणा उतरून हारपूड, वरोती, मोहरी. उजाडताच निघा. चौथ्या दिवशी तू बोराट्याची नाळ (नाळ म्हणजे कड्यातून उतरणारी अरुंद घळ) लिहिली आहेस, ती बदल. तिथला निसटत्या दगडांचा घसारा आणि लिंगाणा सुळक्याच्या खिंडीकडे जाणारी आडवी वाट, दोन्ही बारा किलोच्या सॅकसह पहिल्यांदा करण्यासारखी नाहीत. सिंगापूरच्या नाळेनं दापोलीला उतरा. नाळ सकाळीच धरायची: पश्चिमेकडे तोंड असल्यानं सकाळी सावली असते, दुपारी कातळ तापतो. एकाच्या डोक्यावर दुसरा असं उतरायचं नाही. वरचा चालत असताना खालच्यानं कातळाच्या आडोशाला थांबायचं. धोंडा सुटलाच तर सगळ्यांनी ‘दगड!’ म्हणून ओरडायचं. त्याच दिवशी रायगड चढायचा हट्टही सोड. रायगडवाडीला मुक्काम कर, पाचव्या दिवशी गड बघून पाचाडहून महाड गाठा.

मुरमाच्या उतारावर, खास करून वाळलेल्या गवताखाली, फरशीवर ज्वारी सांडल्यासारखे खडे पायाखालून निसटतात. पाऊल पूर्ण टेकवायचं, टाचेवर भार द्यायचा नाही. बूट किमान महिनाभर वापरलेले असावेत. नव्या बुटाचे फोड दुसऱ्या दिवशीच फुटतात आणि मग अख्खा गट रेंगाळतो.

सॅक पाण्यासकट बारा किलोच्या वर जाऊ देऊ नकोस. खिचडीसाठी माणशी डाळ-तांदूळ मिळून १५० ग्रॅम पुरतात. वाटेत खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, थालीपीठ. मीठ-साखरेची पाकिटं माणशी चार. स्टोव्ह न्या, चुलीचा जाळ नको: डिसेंबरातलं गवत एका ठिणगीनं पेटतं, आणि कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धुरानं उठतं. मोहोळाखालून अत्तर न लावता, गप्प जायचं. पोळं उठलंच तर हात झटकू नका, डोकं-चेहरा झाकून तिथून दूर पळा.

सुधारलेल्या आराखड्यात दर दिवसापुढे तीन गोष्टी लिही: पाणी कुठे, अंधार पडायच्या आत कुठे पोचायचं, आणि अडलं तर कुठून बाहेर पडायचं. त्याची एक प्रत घरी दे, एक मला पाठव. तारखा ठरवण्याआधी मोहरीत कुणाशी तरी फोनवर बोलून घे. यंदा पाणी कुठवर टिकलंय, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

तुझा,
काका