इनपुट धुऊ नका, पोतदाराकडे न्या

प्रश्न असा आलाय. घणसोलीत एक ताई मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतात, मराठीतून नोट्स काढतायत, आणि त्यांना विचारायचंय की 'युजर इनपुट सॅनिटाइझ करणे', म्हणजे वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर वापरण्याआधी निर्धोक करणे, याला 'इनपुटचे निर्जंतुकीकरण' चालेल का, आणि मग व्हॅलिडेट नि एस्केप यांना काय म्हणायचं.

नाही चालणार. ताई, राग तुमच्यावर नाहीये. ठाण्याहून वाशी लोकल पकडली की ऐरोली येईस्तोवर कोणी ना कोणी फोनवर बोलत असतंच, "अरे डेटा सॅनिटाइझ केलाय ना, मग झालं की", जसं काही हातावर ते जेल घेतलं, चोळलं, आणि आता जेवायला बसायला हरकत नाही. लॅटिन सानुस म्हणजे निरोगी, तिथून सॅनिटरी, तिथून २०२० मध्ये प्रत्येकाच्या खिशात आलेला सॅनिटायझर, हे सगळ्यांना माहितीये, पुढे जाऊ. माझं भांडण वेगळंच आहे. धुण्याचा शब्द हातात दिला की माणूस धुवायलाच बसतो.

आता हे बघा. एका ऑफिसात (नाव कशाला) मराठी नावांचा फॉर्म होता, आणि कोणीतरी हुशारीने पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (म्हणजे मजकूर जुळवून बघायच्या साच्यात) बॅकस्लॅश डब्ल्यू वापरून लिहिलं की अक्षर, अंक आणि अंडरस्कोर सोडून बाकीचा सगळा कचरा काढून टाक. पण त्या डब्ल्यूच्या लेखी क, ल, र ही अक्षरं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या त्या सामायिक यादीत, वेगळ्या वर्गात, म्हणजे याच्या हिशोबाने कचरा. टेस्टिंगला कुलकर्णी टाकले तर 'कलकरण' बाहेर आलं, शिंदे 'शद' होऊन बसले, आणि पोतदारांचं झालं 'पतदर'. एकदम निर्जंतुक! एक जंतू शिल्लक नाही, आडनावही नाही.

आणि गंमत म्हणजे ज्या आडनावाची तिथे वाट लागली तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पोतदार हा गावातला किंवा खजिन्यावरचा माणूस. भरणा म्हणून आलेलं प्रत्येक नाणं तो पारखायचा, वजन करायचा, आणि मग घ्यायचं की परत करायचं ते ठरवायचा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात त्याचं पारखण्याचंच काम दिलंय, आणि कित्येक गावांत ते सोनाराकडेच असायचं. पेशवाईत एकच रुपया थोडाच होता, अंकुशी होता, चांदवडी होता, हाली सिक्का होता, प्रत्येकाचा भाव वेगळा, त्यामुळे समोरचा म्हणतोय 'रुपया' म्हणून तो रुपया धरायचा नाही हीच पोतदाराची नोकरी. तो नाणं धूत नव्हता हो! वाजवून बघायचा, घासून बघायचा, आणि खोटं निघालं तर परत. व्हॅलिडेशन म्हणजे अगदी हेच, मराठीत सरळ 'पारखणे' म्हणा, परीक्षा-परिक्खा-पारख असा आपल्या घरचाच शब्द आहे.

शब्द कुठून आला? फारसी 'फोता' म्हणजे पैशाची थैली, ती सांभाळणारा फोतादार. व्हॉट्सअॅपवर आडनावांची जी यादी फिरते त्यात 'पोत म्हणजे मण्यांची माळ, ती ओवणारे ते पोतदार' असं छापलेलं असतं, ते कृपा करून डिलीट करा, ओवणाऱ्याला 'दार' कशाला लागेल. पण हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या जुन्या कोशवाल्या साहेबांशीही माझं जमत नाही. त्यांनी थैली बरोबर पकडली, पण लगेच हा शब्द फारसीचं बिघडलेलं रूप म्हणून मोकळे झाले, त्यांना आपल्या अर्ध्या शब्दांत बिघाडच दिसतो. माझा तर्क असा की आपलं धान्याचं पोतं आधीपासून घरात बसलेलं होतं, त्यानेच फोत्याचा फ ओढून प केला. शिवकाळातल्या बारा महालांत (म्हणजे खात्यांत) खजिन्याच्या महालाला 'पोते' म्हणायचे, पोतनीसही त्यातलेच, तो हिशोब लिहिणारा आणि पोतदार पारखणारा. बायको म्हणते की तू प्रत्येक चर्चेत पोतं आणतोस. आणतो.

आणि 'कसोटी' बघा, संस्कृत कषपट्टिका, प्राकृतात कसवट्टिआ, म्हणजे सोनं घासून बघायची पट्टी, आणि इंग्रजी टेस्टचं मूळ लॅटिन टेस्टुम, म्हणजे मातीचं भांडं, त्याच्यावरून मौल्यवान धातू तपासायच्या भांड्याला टेस्ट म्हणायला लागले. दोन्ही भाषा सोनाराच्याच दुकानातून आल्या! ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या सोनारांपुढून जाताना मला उगाच भरून येतं.

बरं, पोतदार नाणं घासून झालं की कमी निघालेल्या नाण्यावर काय लावायचा? बट्टा. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो आपण तोच. कोडमध्येही बट्टा असतो. पर्ल ५ या प्रोग्रामिंगच्या भाषेत उणे टी लावून प्रोग्राम चालवला की बाहेरून आलेला प्रत्येक मजकूर 'टेंटेड', म्हणजे डाग लागलेला, धरला जातो, त्याच्यापासून जे बनेल तेही टेंटेड, आणि तसला माल सिस्टीम कमांडला किंवा लिहायच्या फाईलच्या नावाला दिला की प्रोग्राम तिथेच थांबतो. डाग जायचा नेहमीचा मार्ग म्हणजे आपला साचा लावायचा आणि त्यात बसलेला तुकडाच उचलायचा, पोतदारगिरीच की. रूबी या भाषेतही हे होतं, ३.२ मध्ये काढून टाकलं. आमच्यातला एक जण टेंटला 'विटाळ' म्हणतो. स्पर्शाने पसरतो म्हणून अर्थ जुळतो हे खरं, पण त्या शब्दाखाली माणसांनी जे भोगलंय ते बघता तो कोडमध्ये तरी नको. बट्टा म्हणा.

तुमच्या पायथनचं सांगायचं तर मुलांना हे जरूर दाखवा: इंट फंक्शनला देवनागरी '३५' दिलं तर ते बिनतक्रार पस्तीस घेतं, जावास्क्रिप्टच्या पार्सइंटला तेच दिलं तर 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही'. म्हणजे एका दुकानात चालणारा चांदवडी दुसऱ्यात चालत नाही, कुठला घ्यायचा ते आधी ठरवा. आणि जुन्या पायथन २ मधलं इनपुट फंक्शन तर टाइप केलेलं कोड समजून चक्क चालवून बघायचं, म्हणजे नाणं खरं की खोटं ते गिळून ठरवण्यातला प्रकार.

हां, एस्केप राहिलंच. 'पलायन' लिहू नका, कोणी पळत नाहीये. माल बाहेर पाठवताना जिथे जातोय तिथल्या रीतीने बांधून देणं म्हणजे एस्केप, मी 'बांधणे' म्हणतो. वेबपेज बनवताना लेस-दॅनची (<) खूण वेगळी बांधायची, जावास्क्रिप्टच्या आत वेगळी. डेटाबेसला तर बांधाबांध करतच बसू नका, प्रिपेर्ड स्टेटमेंटने हुकूम वेगळा पाठवा आणि माल वेगळा. वेबसाइटी बनवायच्या पीएचपी भाषेने एकेकाळी मॅजिक कोट्स नावाने दारातच, अवतरणचिन्हाआधी बॅकस्लॅश लावून, सगळं बांधायला घेतलं होतं, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधल्या डि'सूझांच्या नावात कुठल्या कुठल्या पावतीवर आडवी-तिडवी बॅकस्लॅश यायची. २०१२ मध्ये पीएचपी ५.४ आलं तेव्हा ते काढलं. डि'सूझांकडे अजून एक तसली पावती आहे, फ्रिजवर चिकटवलेली.