अजगर, कासव आणि लोणच्याचं लेबल

आधी प्रश्न सांगतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा मुलगा दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला आणि जाताना त्याचा पाळलेला बॉल पायथन, म्हणजे अजगराची एक जात, आईच्या गळ्यात घालून गेला (जबाबदारी म्हणतोय मी, साप नाही). 2019 मध्ये मुंबईच्या कुठल्याशा दुकानातून घेतलेला, बिल नाही. घरात सासूबाईंच्या वेळचं एक स्टार कासवही आहे, वीस-बावीस वर्षांचं, देवघराच्या आसपास फिरतं, शुभ असतं म्हणून ठेवलेलं. आता पुण्याचा भाचा म्हणतोय मामी दोन्ही मला दे, ताईंना गुडघेदुखी आणि सापाची भीती दोन्ही आहे त्यामुळे त्या तयारच आहेत, ट्रॅव्हल्सवाला म्हणाला पाचशे द्या, डिकीत टाकतो. ताईंनी यूट्यूबवर अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून थर्माकोलचा डबा तयार केलाय, विणकामाची सुई तापवून भोकं पाडलीत, आत उशीचा अभ्रा, आणि विचारतायत की वरती 'आंब्याचं लोणचं' लिहिलं तर चालेल का.

ताई, नाही चालणार. आणि सगळ्यात आधी हेच का बोलतोय ते ऐका. आत्तापर्यंत जे झालंय ती चूक आहे, माहिती नसल्यामुळे झालेली, आणि ती तशी मांडता येते. पण जिवंत प्राण्याच्या डब्यावर लोणचं लिहिलंत की 'आम्हाला काही माहीतच नव्हतं' हे वाक्य कुठल्याच वकिलाला तुमच्यासाठी बोलता येणार नाही. माहीत नव्हतं तर लपवलं कशाला, हा पहिला प्रश्न येतो, आणि त्याला माझ्याकडे तरी उत्तर नाहीये.

दुसरं, तुम्ही दोघांना एकाच डब्यात बसवलंत पण कायद्याने त्यांना एकत्र बसवलेलं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, त्यात 2022 मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. तिच्यामुळे स्टार कासव गेलं पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रांगेत, आपल्या विश्वामित्री नदीतल्या मगरीही तिथेच. बॉल पायथन आफ्रिकेचा, तो चौथ्या अनुसूचीत, जिथे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातली (CITES) यादी आहे. त्यातही परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत नाही. फरक किती पडतो बघा: पायथनच्या बाबतीत नियम मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कासवाच्या बाबतीत किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, वर किमान पंचवीस हजार दंड. किमान म्हणजे दोष सिद्ध झाला तर कोर्टाला त्याच्या खाली यायला सोय नाही, आणि असा गुन्हा दंड भरून तडजोडीतही मिटत नाही. घरात ज्याची भीती वाटते तो साप कायद्याच्या नजरेने सोपा, आणि ज्याला रोज काकडी घालता ते कासव जड.

कासवाचं आधी संपवतो. ते कुणाला देता येत नाही, विकता येत नाही, भेट म्हणूनही नाही, भाचा असला तरी नाही. सासूबाईंनी कधी ठेवलं वगैरे सांगू नका म्हणत नाही, उलट नीट सांगा, पण 'खूप वर्षांपासून आहे' याने हक्क तयार होत नाही. 2003 मध्ये सरकारने असे प्राणी जाहीर करायला एक मुदत दिली होती, तेव्हा कुणी काही भरलं नाही असं तुम्हीच लिहिलंय. त्यात कलम 57 असं आहे की प्राणी ताब्यात सापडला तर तो बेकायदा आहे असंच धरून चालतात आणि कायदेशीर आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. तेव्हा एकच सरळ रस्ता, वनखात्याकडे स्वतःहून सोपवणं. पण कासव कापडी पिशवीत घालून रिक्षात बसू नका. आधी लेखी अर्ज द्या, वकिलामार्फत, त्यात कासव कधीपासून, कुणी आणलं, आता का देताय हे दहा ओळीत, फोटो जोडा, आणि घरी येऊन घेऊन जा अशी विनंती करा, नेताना ताबा घेतल्याची पावती मागा. स्वतःहून दिलं म्हणजे कायद्याने माफी मिळतेच असं नाही, खोटी आशा दाखवणार नाही, पण धाडीत सापडणं आणि आपण होऊन दार उघडणं यात फरक असतो आणि तो अधिकाऱ्याला कळतो, कोर्टालाही कळतो.

आणि कृपा करून रात्री गुपचूप विश्वामित्रीत किंवा सुरसागर तळ्यात सोडून येऊ नका. हे मी मुद्दाम लिहितोय कारण हा सल्ला शेजारच्या कुणीतरी दिलाच असणार. स्टार कासव जमिनीवरचं आहे, कोरड्या झुडपी रानातलं, त्याला पोहता येत नाही, पाण्यात सोडलंत तर पुण्य मिळण्याऐवजी बुडवल्याचं पाप लागेल.

आता पायथन. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आणले, पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा, सहा महिन्यांची मुदत होती, ती ऑगस्ट 2024 मध्ये संपली. त्यानंतर ताब्यात आलेल्या प्राण्याला तीस दिवस. मुलगा म्हणतोय 2020 मध्ये 'काहीतरी ऑनलाइन भरलं होतं'. ताई, हे 'काहीतरी' फार महत्त्वाचं आहे! त्या वर्षी जूनमध्ये केंद्राने स्वेच्छेने जाहीर करायची योजना आणली होती, सहा महिन्यांत सांगितलं तर कागद मागणार नाही अशी. त्याला आज रात्रीच फोन करा, जुना मेल शोधायला सांगा, इनबॉक्स, स्पॅम, जुना लॅपटॉप, सगळं. ती पावती म्हणजे आजची नोंदणी नव्हे, पण हा साप तुमच्याकडे केव्हापासून आहे आणि तुम्ही लपवाछपवी करत नव्हतात याचा त्याहून चांगला पुरावा तुमच्याजवळ दुसरा नाही.

पावती मिळो न मिळो, उशिरा का होईना अर्ज करा, आणि मुलाच्या नावाने नको. पिंजरा तुमच्या घरात, उंदीर तुम्ही घालता, म्हणजे ताबा तुमचा. 'प्राणी कसा मिळाला' तिथे जे आहे तेच लिहा, कुणा मित्राकडून जुन्या तारखेचं बिल बनवून घ्यायच्या भानगडीत पडू नका, लोक पडतात आणि मग मूळ प्रकरणापेक्षा ते बिलच महागात जातं. जनावरांच्या डॉक्टरकडून जात, लांबी, वजन लिहिलेला दाखला आणि अंगावरच्या पट्ट्यांचे जवळून काढलेले दोन-तीन फोटो ठेवा, कारण आपला देशी अजगर पहिल्या अनुसूचीत आहे आणि टॉर्चच्या उजेडात चेकपोस्टवर सगळे अजगर सारखेच दिसतात. नोंदणी झाली की मग भाच्याला देताना तुम्ही हस्तांतरण कळवायचं आणि त्याने त्याच्या बाजूने महाराष्ट्रात स्वतःची नोंदणी करायची, तीस दिवसांत. तोपर्यंत साप बडोद्यातच राहू द्या.

मग राहिला डबा. तो तुम्ही प्रेमाने केलाय हे दिसतंय, पण ते व्हिडिओ ज्या देशातले आहेत तिथे रातोरात पोचवणारी कुरिअर सेवा आहे आणि सरपटणारे प्राणी पाठवायची तिथली वेगळी पद्धत आहे, तिथेही सरकारी टपालाने साप पाठवता येतच नाही. आपल्याकडे बहुतेक कुरिअरच्या अटींमध्ये जिवंत प्राणी नेणार नाही असंच असतं. ट्रॅव्हल्सची डिकी म्हणजे मे महिन्यात तापलेला तवा, त्यात तुम्ही गरम पाण्याची पिशवी ठेवणार म्हणताय, म्हणजे झालंच. ती पिशवी तिकडच्या थंडीसाठी, इथे नाही. आणि प्रवासाआधी उपाशी नको म्हणून उंदीर खायला घालणार लिहिलंय, ते मुळीच करू नका, साप हलला-दचकला की खाल्लेलं उलटून टाकतो, प्रवासाआधी किमान आठवडाभर काही द्यायचं नसतं. प्राण्याला त्रास होईल असं नेलं तर 1960 चा क्रूरता प्रतिबंधक कायदा लागतो, त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, हसू नका, खरंच तेवढाच आहे, डिकीचं भाडं त्याच्या दहापट. पण कासवही त्याच डब्यात सापडलं तर बसवाल्याची बससुद्धा जप्त होऊ शकते, हे त्या पाचशेवाल्याला माहीत नसणार.

कागद पूर्ण झाल्यावर भाच्याला स्वतःची गाडी घेऊन येऊ दे. पहाटे निघायचं, एसी चालू, साप सुती पिशवीत, पिशवीच्या तोंडाला गाठ, पिशवी भोकं असलेल्या कडक डब्यात, डबा सीटबेल्टने बांधून, उन्हात गाडी उभी करून चहाला जायचं नाही. डब्यात पाण्याची वाटी नको, सांडते आणि पिशवी ओली होते, पाणी पोचल्यावर द्यायचं. डब्यावर 'जिवंत साप, बिनविषारी' असं मोठ्या अक्षरात आणि नोंदणीची झेरॉक्स वर चिकटवलेली. नाक्यावर कुणी थांबवलं तर वाद घालू नये, ती झेरॉक्स दाखवावी.

तेवढं लोणच्याचं लेबल मात्र आजच काढा. भाच्याला खरं लोणचं पाठवायचं असेल तर वेगळ्या बरणीतून पाठवा, त्याला परिवेशवर काही भरावं लागत नाही.