असेंब्ली लाइनवर टीम लीडर व्हायचं तर आधी काय शिकावं?

डिप्लोमा झालाय, लाइनवर काही वर्षं काढलीत, आता टीम लीडरची जागा चालून आलीय आणि आधी मॅनेजमेंटचा कोर्स करावा का, असं तुम्ही विचारलंय. चाकणमध्ये मीही ऑपरेटर म्हणूनच लागलो होतो. माझं मत स्पष्ट आहे: कोर्स सावकाश करा, आधी कोणी लाइन थांबवली तर कसं वागायचं ते शिका.

टोयोटाच्या पद्धतीत अडचण दिसली की कामगार अँडनची, म्हणजे अडचण कळवणाऱ्या दिव्याची, दोरी ओढतो किंवा बटण दाबतो. दिवा लागतो, टीम लीडर त्या स्टेशनवर धावतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जायच्या आत प्रश्न सुटला तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. समजा, सीटबेल्टच्या बोल्टला टॉर्क बसला नाही, म्हणजे तो ठरलेल्या जोराने आवळला गेला नाही. पोराला ते कळलंय, पण मागच्या खेपेला "प्रॉडक्शन कोण देणार?" असं सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागलं, म्हणून तो गप्प बसतो. पुढच्या स्टेशनवर त्यावर ट्रिम, म्हणजे आतलं आवरण, चढते आणि बोल्ट झाकला जातो. म्हणून तिथे पोचल्यावर तुमचं पहिलं वाक्य "बरं केलंस सांगितलंस, काय झालंय?" हेच हवं. मागून साहेब बघत असले तरीही!

कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना 1982 मध्ये बंद पडला. गैरहजेरी, भांडणं, खराब गाड्या, सगळंच होतं. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच, युनियनही तीच. टीम लीडरना मात्र जपानला नेऊन शिकवलं आणि लाइन थांबवायचा हक्क कामगाराला दिला. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानच्या तोडीचा झाला. नेतृत्वाने काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

बाकी रिपोर्ट, मीटिंग, एक्सेल हे सवयीने येतं. स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कोणत्या स्टेशनचं काम येतं त्याचा तक्ता, मात्र मनापासून भरा. एखादं स्टेशन एकाच माणसाला येत असेल, तर गणपतीत तो गावी गेल्यावर कळतं. दुसरा माणूस आषाढातच तयार करायला घ्या.

आणि हो म्हणण्याआधी एक विचाराच: हाताखाली माणसं किती? टोयोटात एका टीम लीडरकडे साधारण पाच-सहा असतात. तुमच्याकडे पंचवीस दिली, तर प्रत्येक दिव्याला तुम्ही पोचूच शकणार नाही. मग निदान एक अनुभवी ऑपरेटर जोडीला मागून घ्या.