पहिल्या वेळी पूर्ण, दुसऱ्या वेळी दबलेले : मिडीतला आवाज जातो कुठे?

प्रश्न : मी संगणकावर वाद्यवृंदाची एक रचना बांधली आहे. फाइल उघडून प्रथम वाजवली की सारे काही व्यवस्थित ऐकू येते. मात्र शेवटपर्यंत वाजवून पुन्हा सुरुवातीपासून लावली की व्हायोलिन जेमतेम कुजबुजते. मिक्सरचा फेडर (आवाज कमीजास्त करणारी सरकती खुंटी) जागचा हललेला नसतो आणि नोटांची व्हेलॉसिटीही तीच असते. फाइल बंद करून पुन्हा उघडली की दोष नाहीसा होतो. रचनेच्या अखेरीस व्हायोलिन हळूहळू विरत जाते, एवढीच काय ती विशेष गोष्ट. हा सॉफ्टवेअरचा बिघाड समजावा काय?

उत्तर : बिघाड बहुधा कशातच नाही, आणि ज्या गोष्टीचा उल्लेख आपण जाता जाता केला आहे तिथेच या तक्रारीचे मूळ असावे.

मिडी ही संगणक आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये यांच्यातली सूचनांची भाषा. मिडीच्या ट्रॅकमध्ये ध्वनी नसतो, वाद्याला दिलेल्या सूचना असतात. अमुक नोट अमुक जोराने वाजव, ही एक प्रकारची सूचना. तो जोर म्हणजे व्हेलॉसिटी. दुसरा प्रकार कंट्रोलरचा, म्हणजे आवाजासारखा एखादा गुण कमीजास्त करणाऱ्या क्रमांकित सूचनांचा. त्यांपैकी क्रमांक ७ हा त्या चॅनलचा (वाद्याला नेमून दिलेल्या वाहिनीचा) व्हॉल्यूम आणि क्रमांक ११ म्हणजे एक्सप्रेशन, त्या व्हॉल्यूमच्या आतला चढउतार. दोन्हींची मूल्ये ० ते १२७ यांच्या दरम्यान असतात. या दोन प्रकारांत एक मोठा फरक आहे. नोट वाजते आणि संपते, कंट्रोलरचे मूल्य मात्र त्याच कंट्रोलरची पुढची सूचना येईपर्यंत जसेच्या तसे राहते. अर्धवट बंद केलेला नळ कोणी पुन्हा फिरवेपर्यंत अर्धवटच राहतो, तसे.

आपण शेवटचे विरणे बहुधा ११ क्रमांकाच्या उतरत्या रेषेने साधले असेल आणि ती रेषा, समजा, २० वर थांबली असेल. (शून्यावर थांबली असती तर दुसऱ्या वेळी व्हायोलिन ऐकूच आले नसते.) रचना पुन्हा पहिल्या मात्रेवर आली तरी ‘आता १२७ वर ये’ असे व्हायोलिनला कोणीच सांगत नाही, म्हणून ते २० वरूनच वाजू लागते. फाइल नव्याने उघडल्यावर वाद्यही नव्याने आणि मूळ मूल्यांसह सुरू होते, त्यामुळे पहिली खेप निर्दोष वाटते.

२० हा आकडा दिसतो त्याहून फार खालचा आहे. जनरल मिडी या मिडी वाद्यांच्या सामाईक मानकासाठी सुचवलेल्या सूत्रानुसार मूल्य १२७ वरून ६४ वर आणले तर आवाज सुमारे १२ डेसिबलने उतरतो आणि २० वर आणले तर सुमारे ३२ डेसिबलने. शिवाय ७ आणि ११ यांचा परिणाम एकत्र होतो. दोन्ही ६४ वर असतील तर घट २४ डेसिबलच्या आसपास जाते. प्रत्येक वाद्य हे सूत्र तंतोतंत पाळते असे नाही, पण अंदाजासाठी ते पुरेसे आहे.

आता उपाय. पियानो रोल (नोटा आडव्या पट्ट्यांसारख्या दाखवणारी खिडकी) बाजूला ठेवून त्या ट्रॅकची इव्हेंट लिस्ट, म्हणजे सर्व सूचनांची क्रमवार यादी, उघडावी, कारण पियानो रोलमध्ये नोटा ठळक दिसतात आणि कंट्रोलर खालच्या पट्टीत दडून राहतात. रचनेच्या अगदी आरंभी ७ साठी १०० आणि ११ साठी १२७ अशा दोन नोंदी घालाव्यात. त्या पहिल्या नोटेच्या नेमक्या त्याच क्षणी ठेवू नयेत. नोट आधी पोहोचली तर तिचा आरंभ दबलेलाच ऐकू येतो. मी स्वतः प्रत्येक रचनेच्या आधी एक आवर्तन रिकामे सोडतो आणि अशा साऱ्या नोंदी तिथे ठेवतो.

रचना मधूनच वाजवायला घेतली की आवाज चुकतो, ही याच तक्रारीची बहीण. त्यासाठी क्यूबेस, लॉजिक अशा सॉफ्टवेअरांत ‘चेस’ नावाची सोय असते. ती चालू असली म्हणजे सॉफ्टवेअर मागे वळून कंट्रोलरचे शेवटचे मूल्य शोधते आणि वाद्याला आधी कळवते. मात्र मागे काही लिहिलेलेच नसेल तर चेस शोधणार काय? म्हणून आरंभीच्या नोंदींना पर्याय नाही.

काही जण आरंभी क्रमांक १२१, म्हणजे सर्व कंट्रोलर पूर्ववत करण्याचा संदेश, पाठवून मोकळे होतात. प्रचलित शिफारशीनुसार त्या संदेशाने एक्सप्रेशन १२७ वर येते, पण व्हॉल्यूमला तो हात लावत नाही. त्यामुळे विरण्यासाठी ७ वापरला असेल तर हा उपाय व्यर्थ जातो. माझ्या मते ७ हा वाद्यांचा आपापसांतला तोल राखण्यासाठीच ठेवावा आणि चढउतार, विरणे हे सारे ११ कडे द्यावे. मिडी ट्रॅकचा फेडर अनेक सॉफ्टवेअरांत ७ हीच सूचना पाठवतो. तीच ट्रॅकमध्येही लिहिलेली असली की दोघांची ओढाताण सुरू होते आणि ‘फेडर आपोआप सरकतो’ अशी नवी तक्रार उभी राहते.

प्रश्न : माझ्या सिंथेसायझरवर वाजवून रेकॉर्ड करताना आवाज भरदार असतो. तेच रेकॉर्डिंग त्याच सिंथेसायझरवर परत वाजवले की तो बारीक आणि काहीसा वेगळाही वाटतो. व्हेलॉसिटी तपासली, ती बरोबर आहे.

उत्तर : मग परत वाजणारा आवाजच खरा आहे, रेकॉर्ड करतानाचा दुप्पट होता असे समजावे. आपण पट्टी दाबता तेव्हा सिंथेसायझर स्वतः वाजतो. तीच नोट संगणकात जाऊन परत येते आणि तो दुसऱ्यांदा वाजतो. दोन आवाजांत किंचित अंतर पडल्यामुळे त्यांचा पोतही बदलतो. सिंथेसायझरच्या मेनूत ‘लोकल कंट्रोल’ शोधून तो बंद करावा. नंतर संगणकाविना वाजवायला बसल्यावर तो आठवणीने चालू करावा, नाहीतर पट्ट्या मुक्या झाल्याचे पत्र पुढच्या अंकासाठी येईल!

प्रश्न : तंतुवाद्यांच्या एका सॅम्पल लायब्ररीत (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांच्या संग्रहात) सर्व नोटांची व्हेलॉसिटी १२७ केली, तरी आवाज वाढत नाही. असे का होते?

उत्तर : लांबवलेल्या स्वरांसाठी अशा बऱ्याच लायब्रऱ्या व्हेलॉसिटीकडे पाहतच नाहीत, स्वराचा जोर त्या क्रमांक १ कडून, म्हणजे मॉड व्हील या कीबोर्डवरच्या चाकाकडून घेतात. गजाचा दाब स्वर चालू असतानाही बदलतो आणि व्हेलॉसिटी तर नोटेच्या आरंभी एकदाच सांगता येते, हे त्यामागचे कारण. नोट धरून ठेवून चाक हळूहळू वर न्यावे. आवाजाबरोबर स्वराचा कसही बदलत गेला, तर हेच निदान बरोबर आहे. मग ती हालचाल ट्रॅकमध्ये रेकॉर्ड करावी आणि सर्वत्र १२७ केलेली व्हेलॉसिटी पूर्ववत करून टाकावी.