माल्टाला जा, पण एफडी मोडून ऑगस्टमध्ये नको

नमस्कार ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ३५ हजार, होम लोनचा हप्ता ४२ हजार, घरखर्च ५० हजाराच्या आसपास, एसआयपी २० हजार. लग्नाला या ऑगस्टमध्ये दहा वर्षं होतायत म्हणून तुम्हाला मुलीला घेऊन सात रात्रींसाठी माल्टाला, म्हणजे भूमध्य समुद्रातल्या त्या छोट्या बेटांच्या देशात जायचंय, एजंटने तिघांचे ४ लाख ८० हजार सांगितलेत, तुमच्याकडे बाजूला काढलेले १ लाख ८० हजार आहेत. उरलेल्या तीन लाखांसाठी पर्सनल लोन घ्यावं, साडेतीन लाखांची एफडी मोडावी की म्युच्युअल फंडातून काढावेत, असं तुम्ही विचारलंय.

तीनही नको. पण माल्टाला जाऊ नका असं मी म्हणत नाहीये हं, नाहीतर लगेच यजमानांना "बघ सल्लागार पण नको म्हणाला" असं होईल.

आधी एफडी. तुमच्या मेलमध्ये शेवटी एक वाक्य सहज टाकल्यासारखं आहे, की यजमानांनी फेब्रुवारीत नोकरी बदलली आणि ते अजून प्रोबेशनवर आहेत. ताई, सगळ्या मेलमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. हप्ता आणि घरखर्च मिळून महिना ९२ हजार, म्हणजे ती साडेतीन लाखांची एफडी जेमतेम पावणेचार महिन्यांचा दाणागोटा आहे, खरं तर तीच सहा महिन्यांची करायला हवी, आणि आपण ती समुद्रात सोडायच्या गोष्टी करतोय.

लोनचं म्हणाल तर ३ लाख, १४ टक्क्यांनी, तीन वर्षं धरली तर हप्ता बसतो साधारण १०,२५० रुपये आणि नुसतं व्याज ६९ हजार, प्रोसेसिंग फी वेगळी. फोटो फोनमधून डिलीट होतील पण हप्ता चालूच राहील. शिवाय एक गोष्ट एजंट सांगत नाही: माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, व्हिसासाठी गेल्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट द्यावं लागतं, आणि त्यात अर्जाच्या आधी अचानक तीन लाख जमा झालेले दिसले की बघणाऱ्याची भुवई वर जाते. तिथे एकदम फुगलेला बॅलन्स नको असतो, दर महिन्याला पगार येतोय, खर्च होतोय, थोडे शिल्लक राहतायत, असं साधं खातं बरं दिसतं. एजंटचा नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणवणारे हप्ते, तेही असेच, रोख दिले तर किती कमी करता एवढं एकदा विचारून बघा, कॉस्ट कुठे लपलीय ते कळेल.

फंडातले पैसे मुलीच्या शिक्षणाचे आहेत असं तुम्हीच लिहिलंय, मग त्यावर मी काय वेगळं बोलू.

आता ऑगस्ट. ऑगस्टमध्ये माल्टात अर्धं युरोप उतरलेलं असतं, १५ ऑगस्टला तिथली सांता मारियाची मोठी सुट्टी असते, हॉटेलांचे दर टोकाला, ऊन रणरणतं, स्टॉपवर उभं राहावं तर बस भरून समोरून निघून जाते. तुमच्या लेकीला कोमिनो बेटावरच्या ब्लू लगूनच्या निळ्या पाण्यात डुंबायचंय ना? तिथे आता आधी ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो, इतकी गर्दी. माझं मत, पुढच्या वर्षी जूनचा पहिला आठवडा धरा. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, पाणी ऑगस्टइतकं कोमट नसेल पण पोरांना चालतं, आणि दर अजून शिखरावर गेलेले नसतात. लग्नाचा दहावा वाढदिवस दहा महिने उशिरा साजरा झाला तर लग्न काही मोडत नाही. (हे यजमानांना वाचून दाखवू नका.)

आणि पॅकेज कशाला? मी तुमचं कोटेशन नीट वाचलं. गोझो या शेजारच्या बेटाची डे टूर, तिघांचे ३१ हजार! माल्टाच्या चिरकेव्वा बंदरातून गोझोला मोठी फेरीबोट जाते, पंचवीसेक मिनिटं लागतात, मी गेलो तेव्हा जाताना कोणी पैसेच मागेना म्हणून मीच घाबरून तिकीट खिडकी शोधत फिरत होतो, मग कळलं की तिकीट परत येतानाच घेतात, तेही मोठ्या माणसाला पाच युरोच्या आत. सगळा देश ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या साधारण निम्मा, बसने सगळीकडे जाता येतं, इंग्रजी तिथली अधिकृत भाषा आहे. गाईड हातात धरून नेईल असं काही नाही तिथे. खाण्याला पास्टिझी म्हणून एक खुसखुशीत प्रकार मिळतो, आत वाटाण्याचं किंवा रिकोटा चीजचं सारण, एकदीड युरोत भूक भागते, मात्र शाकाहारी असाल तर पारीत चरबी नाही ना एवढं विचारून घ्या.

स्वतः बुकिंग केलं तर माझा हिशोब असा, युरो १०५ रुपये धरून. विमान मुंबईहून दुबई किंवा इस्तंबूलमार्गे, तिघांचे १ लाख ७० हजार. व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो आणि लेक तोवर सहा पूर्ण करेल म्हणून तिचे ४५, त्यात सेंटरचे चार्जेस आणि किमान ३० हजार युरो कव्हर असलेला इन्शुरन्स धरून ३२ हजार. राहायला ८५ युरोची खोली सात रात्री ६३ हजार, खाणं आणि बस ५९, फेरी-तिकिटं वगैरे १६. झाले ३ लाख ४० हजार, वर २० हजार गंगाजळी, युरो चढला तर म्हणून. आहेत १ लाख ८०, उरले १ लाख ८०, म्हणजे बारा महिने १५ हजारांची आरडी. तुमच्याकडे महिन्याला २३ हजार उरतात, त्यातून हे निघतं, उरलेले आठ हजार एफडीत घाला आणि एसआयपीला हातही लावू नका.

पॅकेजमध्ये जो टीसीएस, म्हणजे एजंटने सरकारसाठी आगाऊ घेतलेला आयकर लावलाय तो मात्र खर्च समजू नका, तो तुमच्या पॅनवर जमा होतो, आयकर खात्याच्या तुमच्या नावावरच्या कर-विवरणात दिसतो, रिटर्न भरताना वळता होतो, फक्त तोपर्यंत पैसे अडकून राहतात.

तिथे कार्ड देताना मशीन विचारतं, रुपयात की युरोत? युरोच म्हणा. मी एका हॉटेलात कौतुकाने रुपये दाबले आणि त्यांनी लावलेल्या रेटमध्ये एका जेवणाचे पैसे गेले. आपल्याकडच्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी चलनातल्या खर्चावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे जादा आकार, आणि त्यावर जीएसटी असतो, त्यापेक्षा फॉरेक्स कार्डवर, म्हणजे आधीच परदेशी चलन भरून ठेवायच्या कार्डावर थोडे थोडे युरो भरत जा, सगळे एकाच दिवशी नको.

व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण त्याच्याआधी लेकीचा पासपोर्ट काढून बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तिचा तान्ही असतानाच काढलेला असेल तर एव्हाना संपलाही असेल.