फ्रीजची किल्ली माझ्या पर्समध्ये होती

(सदाशिव पेठेतल्या एका ॲलर्जी क्लिनिकच्या खिडकीवर २६ वर्षं बसलेल्या काकू या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काकू, मी कोथरूडला राहते. २०१९ च्या दिवाळीनंतर मी धुळीच्या ॲलर्जीची इंजेक्शनं सुरू केली होती. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि आमच्या डॉक्टरांचं क्लिनिक अडीच महिने बंद राहिलं. मधे एकदा फोनवर पाच मिनिटं बोलले, त्याचे ४०० रुपये घेतले. क्लिनिक उघडल्यावर माझा डोस मागे नेला, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. मी चिडून गूगलवर एक स्टार दिला आणि डॉक्टर बदलले. आता माझ्या मुलीला शिंकांचा त्रास आहे आणि फॅमिली डॉक्टर नेमके त्याच डॉक्टरांकडे पाठवताहेत. जायला संकोच वाटतो. माझं चुकलं का? आणि पुन्हा तसे दिवस आले, तर आम्ही पेशंट लोकांनी डॉक्टरांना सांभाळून घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी ४०० रुपयांचं बोलू, कारण पुण्यात कुठलीही गोष्ट तिथूनच सुरू होते.

फोनवरून किंवा व्हिडिओवरून पेशंट तपासायचे नियम केंद्र सरकारने २५ मार्च २०२० ला काढले. समोर बसवून तपासल्यावर जशी फी घेतात तशी फोनवरही घ्यायला त्यात मुभा आहे, आणि पावती द्यावी असंही म्हटलंय. तुम्हाला पावती मिळाली नसेल तर तेवढी तक्रार रास्त. फीची नाही. तुम्हाला पाच मिनिटं दिसली. आमच्या सरांच्या अशा पाच मिनिटांच्या मागे काय असायचं ते सांगते. केसपेपर सगळे क्लिनिकच्या कपाटात अडकलेले. सर मला फोन करायचे, मी माझ्या डोसच्या वहीत बघून शेवटचं इंजेक्शन कधी, कुठल्या व्हायलमधलं (म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीतलं), किती पॉइंट ते सांगायचे, मग सर पेशंटला फोन लावायचे. ती वही मी २१ मार्चला सहज घरी आणली होती म्हणून. नसती आणली तर काय झालं असतं कोण जाणे.

ॲलर्जीच्या डॉक्टरचं क्लिनिक चालतं कशावर, हे पेशंटला सहसा माहीत नसतं. प्रिक टेस्ट, फुंकर मारून फुप्फुस तपासायची स्पायरोमेट्री आणि इंजेक्शनं, ही तीन चाकं. प्रिक टेस्टमध्ये ज्यांची ॲलर्जी असू शकते त्या वस्तूंच्या थेंबांच्या ओळी हातावर टाकून टोचायचं, पंधरा-वीस मिनिटं समोरासमोर बसून फुगवटे मोजायचे. स्पायरोमेट्रीत पेशंटने जीव खाऊन नळीत फुंकायचं. त्या काळात कुणी कुणासमोर फुंकतंय होय? नेब्युलायझरही बंद, कारण त्याचे तुषार खोलीभर उडतात. इंजेक्शनला पेशंट घराबाहेरच पडू शकत नव्हता. म्हणजे एप्रिलमध्ये तिन्ही चाकं थांबली. जागेचं भाडं, विजेचं बिल आणि आम्हा दोघींचा पगार मात्र चालूच. मला एप्रिल-मेमध्ये अर्धा पगार मिळाला, तो मी घेतला. उरलेला सरांनी दिवाळीला दिला. हे लिहायला मला लाज वाटत नाही आणि सरांनाही वाटू नये.

आता डोस मागे नेल्याचं. ही इंजेक्शनं आधी दर आठवड्याला थोडी थोडी वाढवत नेतात, मग महिन्याला एक, अशी तीन ते पाच वर्षं. ज्या वस्तूची ॲलर्जी तीच वस्तू अंगाला सवयीची करायची असते. मधे दोन-अडीच महिने खंड पडला की ती सवय मोडते, आणि जुन्याच डोसवर टोचलं तर अंग खवळून उठू शकतं. म्हणून मागे यायचं. पाण्यात काही गेलेलं नसतं, दोन पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या असतात. तुमच्या डॉक्टरांनी हे नीट समजावलं नसेल. तेव्हा सगळ्यांच्याच तोंडावर मास्क होता आणि बोलायला दम नव्हता.

एक प्रसंग सांगते. जून २०२० मध्ये आम्ही क्लिनिक उघडलं. वेटिंगच्या बारा खुर्च्यांपैकी तीनच ठेवल्या. इंजेक्शननंतर अर्धा तास थांबायचंच हा नियम पहिल्यापासूनचा, पण आता थांबवायचं कुठे? मग कुणी जिन्यात, कुणी आपल्या स्कूटरवर, कुणी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर. मी प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी द्यायचे, तिच्यावर सुटायची वेळ, आणि गॅलरीतून नजर ठेवायचे. एक गृहस्थ ११.४० ची चिठ्ठी खिशात घालून ‘जरा बाकरवडी मिळते का बघतो’ म्हणून निघून गेले. पंधरा मिनिटांनी परत आले ते तळहात खाजवत. मी वरून विचारलं, काय होतंय? उत्तर आलं ते घोगऱ्या आवाजात. त्या आवाजावरूनच सर उठले. जिन्यातच मांडीत ॲड्रिनलिनचं तातडीचं इंजेक्शन दिलं, आडवं करून पाय वर उचलून धरले, मग ॲम्ब्युलन्स. संध्याकाळी त्या गृहस्थांचा फोन आला, आवाज पहिल्यासारखा. बाकरवडी मिळाली नव्हती म्हणे.

तर डॉक्टर मागे नेतात ते याच भीतीने.

फ्रीजचं सांगायचं राहिलं. ९ मार्चला पुण्यात कोविडचे पहिले दोन पेशंट सापडून नायडू हॉस्पिटलला गेले, तेव्हा आम्ही ‘बघू’ म्हणत होतो. २४ तारखेला रात्री आठचं भाषण संपलं तेव्हा मी पर्वतीला घरी होते. दुसऱ्या दिवशी पाडवा, साखरेच्या गाठी आणून ठेवलेल्या. आणि एकदम आठवलं, क्लिनिकच्या फ्रीजची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. आत सव्वाशेच्या वर पेशंटांच्या व्हायल, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात नाव. त्या २ ते ८ अंशांत राहायला लागतात. तापल्या तर दम जातो, गोठल्या तर टाकूनच द्यायच्या. वरच्या मजल्यावरच्या घरमालक आजोबांकडे बाहेरच्या दाराची किल्ली होती. नशिबाने थर्मामीटरचा डबा फ्रीजच्या बाहेर चिकटवलेला आहे, फक्त वायर आत. आजोबा रोज सकाळ-संध्याकाळ जिना उतरून मला व्हिडिओ कॉल करायचे. आधी त्यांचं कपाळ दिसायचं, मग छत, मग डबा. “चार पॉइंट सहा, लिहिलंत का?” मी वहीत लिहायचे. एप्रिलात एकदा दुपारी वीज गेली ती पाच तास. आजोबा खुर्ची टाकून फ्रीजसमोर बसून राहिले, दार कुणी उघडू नये म्हणून. बंद क्लिनिकमध्ये कोण उघडणार होतं? पण बसले. आकडा ७.८ पर्यंत गेला आणि वीज आली. एकही व्हायल टाकावी लागली नाही.

तुम्ही विचारता सांभाळून घ्यायचं म्हणजे काय, तर मला आधी ते आजोबा आठवतात. ते आमचे पेशंटसुद्धा नव्हते.

पेशंटने काय करायचं? आपलं डोस कार्ड जपायचं आणि दर इंजेक्शनला त्याचा फोटो काढून ठेवायचा. क्लिनिक बंद पडलं, डॉक्टर स्वतः आजारी पडले, तरी दुसऱ्याला कळतं तुम्ही कुठवर आलात. मेसेज एकच पाठवायचा, त्यात नाव, वय, चालू औषधं, त्रास कधीपासून. ‘गुड मॉर्निंग’, मग गुलाब, मग ‘सर आहात का’, असे तीन पाठवलेत की तुमचा खरा प्रश्न चौथा पडतो, आणि तोवर वर वीस जणांचे गुलाब आलेले असतात. एका फीमध्ये जावेच्या सर्दीचं विचारायचं नाही. काढ्याचे फॉरवर्ड डॉक्टरांना पाठवायचे नाहीत.

आणि दम्याचा पंप आपल्या मनाने बंद करायचा नाही. ‘स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती जाते’ असा मेसेज फिरला आणि आमच्या कित्येक पेशंटांनी पंप ड्रॉवरमध्ये टाकला. सर यादी घेऊन एकेकाला फोन करत बसले, चालू ठेवा म्हणून. पंप सोडलेल्या माणसाला अटॅक आला असता तर कुठे नेणार होते? बेड होते कुठे?

पुढच्या जानेवारीत, १६ तारखेपासून कोविडची लस सुरू झाली. लस बनत होती आपल्याच पुण्याजवळच्या मांजरी गावात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, पण घ्यायची की नाही ते विचारायला फोन आमच्याकडे. सरकारी सूचनांमध्ये आधी औषधांच्या, खाण्याच्या ॲलर्जीचाही उल्लेख होता, त्यामुळे लोक घाबरले. “मला वांग्याने घशात खाज सुटते, लस घेऊ का?” हे मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. सर एकेकाला विचारायचे, पूर्वी कुठल्या इंजेक्शनने किंवा लसीने धाप लागली, चक्कर आली, अंगभर गांध्या उठल्या होत्या का? नाही म्हटलं की, घ्या आणि सेंटरवर अर्धा तास बसा. हे सगळे फोन फुकट. त्या दोन महिन्यांत जेवढा सल्ला फुकट गेला तेवढ्यात आमचं वर्षाचं भाडं निघालं असतं. इथे मी जरा वाढवून सांगत असेन, पण जरासंच.

तुमच्या सोसायटीत क्लिनिक असेल तर आणखी एक करता येतं. आमच्या ओळखीच्या एका क्लिनिकला त्यांच्या बिल्डिंगने नोटीस लावली होती, ‘शिंकणाऱ्या पेशंटांनी लिफ्ट वापरू नये.’ ॲलर्जीच्या क्लिनिकला येणारा माणूस शिंकणारच की हो. अशा वेळी कमिटीच्या मीटिंगला एक जण उठून बोलला तरी पुष्कळ.

माझं चुकलं का, असं विचारलंत. चिडलात ते चुकलं नाही, तेव्हा सगळेच चिडलेले होते. तो एक स्टार मात्र काढून टाका. मुलीला घेऊन बेधडक जा, जाताना तुमचं जुनं डोस कार्ड न्या. टेस्ट करायची असेल तर सर्दीची गोळी किती दिवस आधी बंद करायची ते फोनवर विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा होईल. खिडकीवरची बाई तुम्हाला ओळखेल. आम्ही विसरत नाही, पण मनातही ठेवत नाही. बहुतेक.

प्रश्न : मी पिंपळे सौदागरला स्वतःचं छोटं ॲलर्जी क्लिनिक सुरू करतोय. कोविडमध्ये मी शिकत होतो, क्लिनिक चालवण्याची बाजू पाहिलेली नाही. तशी वेळ आली तर तग धरायला आत्ता काय करून ठेवू?
— एक तरुण डॉक्टर

उत्तर : डॉक्टर, तुम्ही मला विचारलंत यातच निम्मं काम झालं. पुष्कळ जण फर्निचरवाल्याला विचारतात.

जागेच्या करारात क्लिनिक सरकारी आदेशाने बंद राहिलं तर भाड्याचं काय, ही ओळ आत्ताच घालून घ्या. नंतर घालायला गेलात तर मालक चहासुद्धा विचारत नाही. फ्रीजचं वाचन बाहेरून दिसेल असं ठेवा आणि किल्ली दोन घरांत. डोसची नोंद कॉम्प्युटरवर असू द्या, पण एक वहीही असू द्या. इमर्जन्सी ट्रेमधल्या ॲड्रिनलिनची तारीख दर महिन्याच्या एक तारखेला कुणीतरी मोठ्याने वाचायची. आमच्याकडे मी वाचायचे, सर “हं” म्हणायचे.

पैशांचं म्हणाल तर कोविडमध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबवले, ते आधी मेअखेर आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत. पण व्याज चालूच राहतं, ते आमच्या एका निवृत्त बँकर पेशंटने सरांना कागदावर मांडून दाखवलं म्हणून कळलं. सरकारी हमीचं कर्जही ऑगस्ट २०२० मध्ये डॉक्टरांसारख्या व्यावसायिकांना खुलं झालं, पण ते आधीचं कर्ज असणाऱ्यांना. म्हणजे असल्या सवलती येतात, पण उशिरा येतात. तीन महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला असलेला डॉक्टर शांतपणे फोन उचलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि फोन उचलायला माणूस ठेवा. स्वतः उचलू नका. डॉक्टरने उचलला की पेशंट ‘एक मिनिट’ म्हणून वीस मिनिटं बोलतो. मी उचलला की दीड मिनिटात कळायचं, याला आत्ता सरांशी बोलायला हवंय, याला संध्याकाळी चालेल आणि याला फक्त घरात कंटाळा आलाय. तिसऱ्या प्रकारच्या लोकांशीही मी बोलायचे. लॉकडाऊनमध्ये तेच जास्त होते.

प्रश्न : आमच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी कोविडमध्ये खूप आधार दिला. आता क्लिनिकला २५ वर्षं होताहेत. काजूकतलीचा मोठा बॉक्स न्यावा म्हणतोय, चालेल ना?
— बिबवेवाडी

उत्तर : अहो, ॲलर्जीच्या क्लिनिकात काजू? वेटिंगमध्ये बसलेल्या एखाद्या पोराला काजूचीच ॲलर्जी असते, आणि खिडकीवरची बाई बॉक्स उघडून सगळ्यांना वाटते. ती बाई मीच होते, म्हणून सांगते. पोराच्या आईने वेळेवर हात धरला. खिडकीसाठी एक चांगलं भिंतीवरचं घड्याळ न्या, सेकंदकाटा असलेलं. आमचं दर पावसाळ्यात मागे पडायचं आणि अर्ध्या तासाचे पेशंट माझ्याशी भांडायचे.