१९११ च्या उन्हाळ्यात लंडनच्या उपनगरांत इतकी तान्ही बाळं का दगावली?

मुख्य कारण जुलाब, म्हणजे तिकडे ज्याला समर डायरिया म्हणायचे तो, आणि तो पसरायचा दुधातून आणि माश्यांमधून. त्या काळी प्रत्येक भागाच्या मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थला दरवर्षी रिपोर्ट द्यावा लागायचा, त्यात हे वारंवार येतं: घोड्यांच्या लिदीचे ढीग, त्यावर माश्या, घरात फ्रिज नाही, उघडं दूध नासतंय, वर दूध पाजायची लांब रबरी नळीची बाटली, जी आतून साफ होणं जवळपास अशक्य. अंगावर पिणारी बाळं बरीच वाचली. इंग्लंड-वेल्समध्ये १९११ ला, कडक उन्हाळ्याच्या वर्षी, हजार जन्मांमागे १३० बालमृत्यू, १९१२ ला, उन्हाळा थंड गेला तेव्हा, ९५. फक्त सगळी उपनगरं सारखी नव्हती, ऐसपैस वस्तीत प्रमाण कमी, दाटीवाटीच्या कामगार वस्तीत खूपच जास्त.